‘अचूक बार’ की आणखी काही?

शब्दवेडी: नेमबाजीच्या एका हस्तपुस्तिकेचा अनुवाद करतेय. रायफलची काडतुसं हाताने भरून त्यातला चांगला ‘लोड’ (दारू-गोळीचा मेळ) शोधण्याचं प्रकरण आहे. ‘ॲक्युरेट लोड डेव्हलप करणे’ला मी ‘अचूक बार जमवणे’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘अचूक दारूगोळ्याचा विकास’ केलं. विकास?!

चापवाला: ‘बार’ झकास. फुसका बार आपण रोज काढतोच. खोट आहे ‘अचूक’मध्ये. मी स्वतः भरतो. बाकी सगळं तेच ठेवून दारू ग्रेनच्या (हे वजनाचं बारीक माप) दशांशांनी बदलायची, दर मापाची चार-पाच काडतुसं कागदावर झाडायची आणि भोकं कुठे दाटीने पडतात ते बघायचं. सगळी मध्यापासून चार बोटं डावीकडे गेली तरी चालतं, दुर्बिणीची खुंटी फिरवली की मध्यात येतात. विखुरली तर कुठलीच खुंटी कामाची नाही. म्हणजे तुमचा ‘अचूक’ बार खुशाल चुकत असतो. ‘एकसारखा’ म्हणा.

पाटीपेन्सिल: त्याला परिभाषेत ‘परिशुद्धता’ म्हणतात.

चापवाला: सोवळं नेसून बंदूक भरल्यासारखं वाटतं.

शब्दवेडी: ‘हुकमी बार’?

उगाचच: आधी ‘काडतूस’ तरी मराठी आहे का? काडीसारखं, आत तुसासारखी दारू, म्हणून काडी + तूस, असं आमचे मास्तर सांगायचे.

पाटीपेन्सिल: मास्तरांना नमस्कार, पण तो पोर्तुगीज ‘कार्तुशु’. मुळात कागदाची सुरळी. १८५७ची काडतुसं दातांनी तोडायची ती कागदाचीच होती ना! बाकी बातम्यांत ‘जिवंत काडतूस’ वाचलं की मला ते वळवळताना दिसतं. ‘भरलेलं’ म्हणायला काय जातं?

चापवाला: रिकाम्याला ‘पुंगळी’ म्हणतात की, छान शब्द. आणि अनुवादात ‘गोळी’ नि ‘काडतूस’ यांची गल्लत करू नका. गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, जे उडून जातं. ‘१८० ग्रेनची गोळी’ म्हणजे अख्ख्या काडतुसाचं वजन नव्हे.

शब्दवेडी: बापरे. दोन पानांवर तेच केलंय. आणि ‘ग्रेन’ला ‘दाणे’.

चापवाला: दाणे मोजत बसेल कोणी! दारूचेही दाणे असतातच.

उगाचच: १८० ग्रेन म्हणजे बरोब्बर एक तोळा, सरकारी तोळा तेवढाच होता. तोळ्याच्या ९६ गुंजा. ‘तोळाभराची गोळी’ लिहा, ग्रेन हवाच कशाला?

पाटीपेन्सिल: गुंजेला पावणेदोन ग्रेनपेक्षा थोडं जास्तच पडतं. दशांश ग्रेन कशात मोजणार? अनुवाद वाचून कोणी दारू जास्त भरली तर तोंडावर फुटेल. ग्रेन ग्रेनच राहू द्या.

उगाचच: शुद्धिवादी कोण, तुम्ही की मी?

शब्दवेडी: पण ‘डेव्हलप’चं काय करू?

उगाचच: पुंगळी ‘पुंगी’वरून आली असणार, नाही?