मदत हवी आहे: डिपॉझिटमधून ४६ हजार कापले, एकही बिल नाही, शेवटचा करार नोंदवलेला नाही

नमस्कार. भाड्याच्या घराचे व्यवहार केलेल्यांचा, विशेषतः वकिलांचा सल्ला हवा आहे.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर आम्ही ऑगस्ट २०२२ पासून तेहतीस महिने राहिलो. यंदा ३० एप्रिलला घर सोडलं. डिपॉझिट ७५ हजार. चावी घेताना मालककाकांनी सगळ्या खोल्या फिरून बघितल्या, नळ सोडून बघितले आणि म्हणाले, "घर छान ठेवलंत हो. आठवड्याभरात पैसे टाकतो." २५ मे रोजी खात्यात २९ हजार आले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो. रंगकाम २४,०००, साफसफाई ६,५००, किचन ट्रॉली ८,५००, बेडरूमची भिंत ७,०००. एकाही रकमेचं बिल नाही. फोन केला तर म्हणाले, "एक भाडं रंगाचं कापतातच, पद्धतच आहे." एजंटनंही तेच सांगितलं. माझी बहीण बंगळुरूला असते. तिच्याकडे खरंच एक भाडं कापतात, पण तिच्या करारात तसं लिहिलेलं आहे. आमच्या करारात रंगाचा शब्दसुद्धा नाही. उलट 'सर्वसाधारण झीज वगळून' घर आहे त्या स्थितीत परत द्यायचं, असं लिहिलंय.

आधी आमची चूक सांगते. हॉलमध्ये खिडकीखालच्या भिंतीवर मुलानं मेणखडूनं अख्खी रेल्वे काढली होती. पुसायला गेले तर डाग आणखी पसरला. त्या भिंतीचे पैसे मी देणारच आणि हे काकांना चावी देतानाच सांगितलं होतं. साफसफाई मात्र आम्ही दोन बायका लावून करून दिली होती.

ट्रॉलीचं म्हणाल तर तिचे चॅनेल आम्ही आलो तेव्हाच गंजलेले होते. खालचा कप्पा ओढला की अर्ध्यात अडकायचा, डावीकडून जरा वर उचलला की मग पुढे यायचा. तेहतीस महिने मी तो तसाच उचलून वापरला.

सगळ्यात जास्त लागलं ते बेडरूमच्या भिंतीचं. ती पश्चिमेची, पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत. दर पावसाळ्यात तिला ओल यायची, पोपडे धरायचे आणि कपाटामागे हात फिरवला तर बोटांना भिजलेल्या चुन्यासारखं काहीतरी लागायचं. मुलाला दम्याचा त्रास आहे, म्हणून जुलै २०२३ मध्ये मी काकांना फोटो पाठवले होते. त्यावर "सोसायटीशी बोलतो" असं त्यांचं उत्तर आहे. ते मेसेज माझ्याकडे आहेत. जी भिंत दुरुस्त करा म्हणून मी मागे लागले होते, तिचेच सात हजार माझ्याकडून घेतले.

राहायला आलो तेव्हा घराचे फोटो काढले नाहीत, ही मोठी चूक झाली. पण परवा जुने फोटो चाळताना त्या वर्षीच्या गणपतीचा फोटो सापडला, ३१ ऑगस्ट २०२२ चा. आम्हाला येऊन जेमतेम महिना झाला होता. मखर बेडरूममध्ये त्याच भिंतीशी होतं. मखराच्या वर, माळेच्या मागे, ओलीचा पिवळा डाग स्वच्छ दिसतो. असा घरगुती फोटो पुरावा म्हणून चालतो का?

आणखी एक. ८ मेला तिथे नवे भाडेकरू आले. शेजारच्या काकू म्हणतात की मधल्या आठ दिवसांत रंगारी आलाच नाही. पण काकूंना यात ओढायची माझी इच्छा नाही, त्यांना तिथेच राहायचं आहे.

खरी भीती कराराची आहे. पहिले दोन अकरा महिन्यांचे करार रीतसर नोंदवले, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन गेला. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, "कशाला उगाच खर्च, आपलं घरचंच आहे." आम्हीही हो म्हटलं. भाडं मात्र दर महिन्याला खात्यातूनच गेलंय. आता आमची बाजू लंगडी पडेल का?

पोलीस चौकीत गेलो होतो. ही दिवाणी बाब आहे, असं सांगून त्यांनी परत पाठवलं. एजंट म्हणाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जा, पण वाचल्यावर कळलं की ती सोय मुदत संपूनही घर न सोडणाऱ्यांकडून मालकाला ताबा मिळावा म्हणून आहे. मग पुण्यात लघुवाद न्यायालयात जायचं की दिवाणी? आणि ४६ हजारांसाठी वकिलाचा खर्च परवडतो का?

भर (दोन दिवसांनंतर): उत्तरं देणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. ज्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ वाचायला सांगितलं, त्यांचे तर फारच. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे आणि तसा करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मी महिनाभर उलटंच समजून रात्री जागत होते. नोंदणी न केल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असंही त्यात आहे. ते पत्रात घाला, असं काहींनी सुचवलंय. मला ते घालायचं नाही. काका सत्तरीचे आहेत, मुलगा आजारी होता तेव्हा मालकीणकाकू डबा घेऊन आल्या होत्या. मला माझे पैसे हवेत, त्यांना तुरुंगाची भीती घालायची नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ज्यांनी सुचवलं, त्यांचंही पटलं. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो, हे मला माहीतच नव्हतं. सोमवारी शिवाजीनगर कोर्टात जाऊन, दावा न लावता प्रकरण लोकअदालतीत ठेवता येईल का ते विचारते. वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाई नाही, हेही समजलं.

त्याआधी काकांना स्पीड पोस्टानं पत्र पाठवतेय. प्रत्येक रकमेचं बिल मागितलंय, पंधरा दिवसांची मुदत दिलीय, भिंतीचे जुने मेसेज आणि गणपतीचा फोटो जोडलाय. एका गोष्टीवर अडलेय. मेणखडूच्या भिंतीला लांबी भरून दोन हात मारायचे आमचा रंगारी अडीच हजार सांगतोय. ही रक्कम मी स्वतःहून पत्रात लिहून साडेत्रेचाळीस हजार मागू, की आधी पूर्ण रक्कम मागून ती बोलणीत सोडू? नवरा दुसरं म्हणतोय. मला पहिलं बरोबर वाटतंय, पण त्यानं पुढे कोर्टात अडचण तर होणार नाही ना?