तीन डोळ्यांचा मासा : विडंबन की उपहास?

खानापूर : वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेच्या १९९० सालच्या एका भागावर लिहितोय. अणुवीज केंद्राजवळ तीन डोळ्यांचा मासा सापडतो, तपासणीत केंद्रातले दोष उघडे पडतात. मालक बर्न्स दुरुस्तीवर पैसा घालायचा सोडून गव्हर्नरच्या निवडणुकीलाच उभा राहतो. कन्नड माध्यमात शिकलेला भाऊ म्हणतो, हे ‘विडंबन’. आमचे सर म्हणतात ‘उपहास’. हिंदीत ‘व्यंग्य’. काय लिहू?

शहापूर, बेळगाव : भावाचं बरोबरच आहे, पण कन्नडपुरतं. तिथं ‘विडंबने’ म्हणजे उपहास, आणि गाण्याची नक्कल करून रचलेलं ते ‘अणकवाडू’. मराठीत विडंबन हा शब्द बहुतेक या अणकवाडूच्या जागी बसतो. मूळ रचनेचा घाट उचलायचा, आशय फिरवायचा. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये केलं ते विडंबन. आपल्याकडं दोन्ही भाषा कानावर, म्हणून ही सरमिसळ होते.

बर्न्सची प्रचाराची जाहिरात बघा. डार्विनचं सोंग घेतलेला नट सांगतो, हा मासा म्हणजे उत्क्रांतीचं पुढचं पाऊल. निवडणुकीच्या जाहिरातीचा घाट घेतलाय, म्हणून विडंबन. स्तुतीच्या आडून प्रदूषणाची निंदा केलीय, म्हणून उपरोध. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरून भात कुजलं आणि कुणी म्हणालं, “यंदा खत फुकट मिळालं की!” तर तोही उपरोधच. पण पैशाच्या जोरावर नियमच बदलू पाहणारा मालक आणि त्याला भुलणारे मतदार, दोघांनाही हसण्याजोगं करून त्यांचा दोष दाखवणं हा सगळ्या भागाचा हेतू आहे. तो उपहास. सरांचा शब्द शीर्षकात ठेवा.

निपाणी : ‘व्यंग्य’ नकोच. संस्कृतात त्याचा अर्थ सूचित झालेला, ध्वनित. मराठीत कानाला ‘व्यंग’ ऐकू येतं, आणि ते म्हणजे अंगातला दोष. ‘या भागातलं व्यंग’ लिहिलंत तर वाचणारा माशाचा तिसरा डोळाच समजेल. व्यंगचित्र हा शब्द रुळलाय, तो राहू दे.

खानापूर : शेवटी सिम्पसन घरातली आई मार्ज तोच मासा बर्न्सच्या ताटात वाढते. घास त्याला गिळवत नाही, कॅमेऱ्यांसमोर थुंकतो, निवडणूक हरतो. हाही उपरोध का?

शहापूर, बेळगाव : नाही. उपरोधात बोलायचं एक आणि सुचवायचं उलट. मार्ज उलट काही बोलत नाही, मासा चांगला आहे हे त्याचंच म्हणणं त्याच्यापुढं वाढते. मला सगळ्या भागात हाच प्रसंग मोठा वाटतो. तिथं सरळ लिहा, ‘मार्जनं त्याचं पितळ उघडं पाडलं.’