आतून उघडायलाही किल्ली लागणारं कुलूप घराला असावं का?

उंबरठा
माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. घरात येणाऱ्याला हव्या तेवढ्या किल्ल्या लागू देत, पण घरातून बाहेर पडायला एकही लागता कामा नये. खिडकीच्या गजांचंही तेच. झोपायच्या खोलीतली निदान एक जाळी आतून, विनाकिल्ली उघडली पाहिजे.

घराला आग लागते तेव्हा ज्वाळा पोचायच्या आधी धूर पोचतो आणि बहुतेकांचा जीव तोच घेतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जळल्याचा वास आला तरी गाढ झोपलेला माणूस त्यानं जागा होईलच असं नाही. जागा झालाच तर डोळे चुरचुरतायत, डोकं बधिर, खोलीत अंधार. अशा वेळी किल्ली शोधून ती कुलपात घालायची?

१९११ साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, १४६ कामगार गेले. जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. कामगार माल चोरून नेतील अशी मालकांना भीती.

कडीकोयंडा
असहमत. तिथे दार मालकानं लावलं होतं आणि आत अडकले दुसरेच. माझ्या दाराचं कुलूप मीच लावतो, किल्ली माझ्या उशाशी असते. दाराला काच असेल तर ती फोडून, हात आत घालून आतली मूठ फिरवायला चोराला कितीसा वेळ लागतो? म्हणूनच दोन्ही बाजूंनी किल्लीची कुलपं निघाली. आग लागलेलं घर आमच्या ओळखीत एक नाही. चोरी झालेली विचारा!

उंबरठा
चोर येऊन ऐवज नेतो. ऐवज पुन्हा येतो.

एकटीच
उंबरठा, हे वाक्य पुरुषाचं आहे हे ओळखायला नाव बघावं लागलं नाही. एकटी राहणारी बाई कुलूप लावते ते ऐवजासाठी नाही. मी भाड्याच्या घरात राहते. आधीच्या भाडेकरूंनी किती किल्ल्या करून घेतल्या असतील देव जाणे. आतून किल्ली फिरवली की मला झोप लागते.

मापटं
ताई, तुमची भीती रास्त आहे, पण तिच्यावरचा उपाय वेगळा. कुलपाचा आतला गाभा बदलून घ्या, म्हणजे जुन्या किल्ल्या फुकट जातील. घरमालकाला विचारून करा. आणि आतून जाडजूड कडी. बाहेरच्याकडे कसलीही किल्ली असली तरी कडीला ती लागत नाही, आणि तुम्हाला ती अंधारात चाचपूनही काढता येते.

एकटीच
कडी आहे, पण लेचीपेची. बदलते. गाभ्याचं माहीत नव्हतं.

चिमणपाखरं
जाळी उघडती ठेवा म्हणणाऱ्यांच्या घरात रांगतं मूल नसावं. मूल पलंगावरून खिडकीत चढतं, तुमचं लक्ष असलं तरी. गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको म्हणतात ते उगाच नाही.

मापटं
अंतर तेवढंच ठेवा की. बिजागरी आणि खटका लावायला काय हरकत आहे? खटका मोठ्या माणसाच्या हाताला येईल इतका उंच बसवा. आणि पलंग खिडकीखालून हलवा, ते तर आजच.

दुसरी पाळी
इथे सगळ्यांनी धडधाकट माणसं गृहीत धरली आहेत. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. रात्री उठतात, कडी काढतात, चालू लागतात. एकदा मोठ्या रस्त्याच्या मध्ये सापडले. मी दाराला आतून किल्ली लावते आणि लावत राहणार. आग ही शक्यता आहे, त्यांचं बाहेर जाणं ही खात्री.

उंबरठा
दार उघडलं की घंटा वाजवणारा चुंबकी सेन्सर मिळतो...

दुसरी पाळी
आहे. घंटा वाजून मी उठेपर्यंत ते जिना उतरलेले असतात.

उंबरठा
मग तुमच्या घरापुरता माझा नियम मी लावणार नाही. एवढंच म्हणेन की किल्ली खुंटीवर नको, जागं होऊ शकणाऱ्या माणसाच्या अंगावर हवी. आणि त्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावून जाणं अजिबात नको, पाच मिनिटांसाठीही.

कडीकोयंडा
धुराचा अलार्म लावा, वाद मिटला. वेळेवर जाग आली तर किल्ली फिरवायला अवधी मिळतोच.

दांडा
अलार्म लावाच, पण कुलपाला पर्याय म्हणून नव्हे. नेहमीचा किरटा आवाज उतारवयात नीट ऐकू येत नाही आणि लहान मुलं त्यात खुशाल झोपून राहतात. ५२० हर्ट्झच्या आसपासचा खालचा सूर जास्त लोकांना उठवतो.

सार्वजनिक जागांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. १९०३ मध्ये शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहात ६०० हून अधिक माणसं गेली, अनेक जण न उघडणाऱ्या दारांपाशी. त्यानंतर अंगानं ढकलताच उघडणारा आडवा दांडा दारांवर आला. बाहेरून बंद, आतून मोकळं. हल्ली सभागृहात शिरलो की मी आधी असं दार शोधतो, कारण गोंधळात सगळा लोंढा आलेल्या वाटेनंच परत फिरतो. त्या दारासमोर खुर्च्यांची चळत दिसली की व्यवस्थापकाशी भांडतो. बायको लांब जाऊन उभी राहते.

कडीकोयंडा
भांडा खुशाल. माझ्या दाराला काच आहे तोवर मूठ बसवणार नाही.

मापटं
काच काढून तिथे फळी मारली तर?

कडीकोयंडा
तर बसवेन. सुताराला विचारतो. जाळीचं मात्र बघू.

दांडा
जाळी उघडती केलीत तर खटका अधूनमधून उघडून बघत जा. भिंतींना रंग दिला की तो हमखास चिकटतो.