अनुभव धागा: इंग्रजीपाशी नेमकं कुठे अडलं?

धागाकर्ता, जळगाव

परवा नानांचा मोबाईल हातात घेतला. दोन वर्षांपूर्वी मीच त्याची भाषा मराठी करून दिली होती. पाहतो तर बँकेचा मेसेज इंग्रजी, गॅसचा इंग्रजी, आणि मध्येच कुठली तरी परवानगी मागणारी चौकट, तीही इंग्रजी. नानांचा नियम साधा आहे: हिरवं दिसलं की दाबायचं. "मराठी केलंय ना रे तू?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा काय सांगावं ते कळेना. पाटी तेवढी मराठी झालीय, दुकान तेच आहे.

म्हणून हा धागा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मंडळींनी (सुरत-पुण्याला गेलेल्यांनीही) आपला एखादा प्रसंग लिहावा. भाषणं नकोत, ती २७ फेब्रुवारीला होतातच.

छापखानेवाला, धुळे

१९९८ साली खिळे जुळवणं सोडून कॉम्प्युटर घेतला. त्या वेळच्या मराठी फॉन्टची गंमत अशी की कॉम्प्युटरच्या लेखी आम्ही इंग्रजीच टाइप करत होतो. कॉम्प्युटरमध्ये कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर ते ठरवणारा आस्की नावाचा मूळ तक्ता अमेरिकेत १९६३ साली ठरला. त्यात जागा १२८, आणि त्या पुढे सगळ्या इंग्रजी अक्षरं, आकडे, खुणा असल्यांनी भरलेल्या. आपल्या फॉन्टवाल्यांनी मग इंग्रजी अक्षराच्याच जागेवर देवनागरीचं चित्र बसवलं. आमच्या मशीनवर 'शुभविवाह' दिसायचं, तीच फाइल नाशिकच्या मशीनवर उघडली की कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं. मजकुराच्या फ्लॉपीसोबत फॉन्टची वेगळी फ्लॉपी द्यायची रीतच पडली होती. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या नव्या तक्त्यात देवनागरीला स्वतःची जागा १९९१ सालीच मिळाली होती, पण आमच्या गल्लीत ते पोचायला २०१० उजाडलं. खरं सांगू, अजूनही अर्धं काम जुन्याच फॉन्टात करतो. बोटांना तीच सवय.

आता मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, तोही रोमन लिपीत. सुरतेच्या एका पार्टीची लग्नपत्रिका होती. आडनाव एम-ए-एल-आय. कामावरच्या पोरानं ते मराठी करून देणाऱ्या ॲपमध्ये टाकलं, त्याचं 'माली' झालं, आणि प्रूफ मी चष्म्याशिवाय वाचलं. पत्रिका तीनशे. मुलीचे वडील आले, पत्रिका काउंटरवर ठेवली, 'ली'वर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, आम्ही माळी. हे माली कोण?"

सगळा कागद माझ्या अंगावर पडला. तेव्हापासून रोमन मजकूर आला की आधी फोन लावतो आणि विचारतो: ल लसणातला की ळ केळातला?

केळीवाला, रावेर

केळातला ळ म्हणालात म्हणून लिहितो. बागेचा विमा भरला होता. काही दिवसांनी मोबाईलवर मेसेज आला, इंग्रजीत. शेजारचं पोरगं बारावीला आहे, त्याला दाखवला. अर्ज 'रिव्हर्टेड' असं काहीतरी होतं. तो म्हणाला, "काका, रिव्हर्ट म्हणजे उत्तर दिलंय. पोचला तुमचा अर्ज." मी निवांत.

खरं म्हणजे कागदात खोट निघाली म्हणून अर्ज दुरुस्तीला परत पाठवला होता. मला कळलं तोवर मुदत गेलेली. पुढे मे महिन्यात वादळ झालं, दीड एकर बाग झोपली. घड चांगले भरत आले होते.

पोराला बोल लावत नाही. त्याचा मोठा भाऊ कंपनीत आहे, तिथे उत्तर पाठवा म्हणायचं असलं की सगळे 'रिव्हर्ट करा' असंच म्हणतात म्हणे. म्हणजे त्याचं इंग्रजी बरोबर आणि मेसेजचंही बरोबर. मराठीत 'अर्ज परत पाठवला' एवढे तीन शब्द लागले असते.

पूर्वी मेसेजच्या धंद्यात, आता पाचोरा

काका, वाईट वाटलं. तुमच्या त्या मेसेजची आतली गोष्ट मला माहीत नाही, पण असे मेसेज इंग्रजीत का येतात ते सांगू शकतो. मी चार वर्षं तेच काम केलं.

साध्या एसएमएसमध्ये जागा १४० बाइट, आणि एका बाइटात आठ बिट. इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांत मावतात, म्हणून एका मेसेजात १६० बसतात. देवनागरीचं एकही अक्षर आलं की सगळा मजकूर सोळा बिटांवर जातो आणि मर्यादा येते ७०वर. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'शेतकऱ्यांनी' या एका शब्दातच अकरा जातात. मजकूर लांबला की तुकडे पडतात, आणि तुकडे जोडायच्या खुणेला जागा लागते म्हणून दर तुकड्यात ६७च उरतात. पैसे तुकड्यावर. इंग्रजीत एका मेसेजात जाणारा मजकूर मराठीत तीन मेसेज खातो. मीटिंगमध्ये मराठीवर कुणाचा राग नसतो हो. एक्सेलच्या शीटमध्ये खर्चाचा रकाना लाल दिसतो, मराठी मजकूर बाजूला पडतो आणि चहा येतो.

भुसावळचा, सध्या पुणे

माझा सूर थोडा वेगळा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर इंजिनिअरिंग. पहिल्या वर्षी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना घरी कॉम्प्युटरवर लाल ओळ आली: अनएक्स्पेक्टेड इंडेंट. मला अर्थ लागेना. बाबा रेल्वेत, स्टोअरला. त्यांना विचारलं. त्यांच्याकडे इंडेंट म्हणजे मालाचं मागणीपत्र. बाबांनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली आणि गंभीरपणे म्हणाले, "न सांगता मागणीपत्र आलेलं दिसतंय. साहेबाची सही बघ आधी."

ओळीच्या सुरुवातीला एक जागा जास्त सुटली होती, एवढंच. ती सापडायला रात्रीचा एक वाजला.

पण आज माझ्या टीममध्ये एक पोलंडचा आहे आणि दोन जपानी. इंग्रजी आमच्यापैकी कुणाचंच घरचं नाही, आणि सगळे सारखेच मोडकं बोलतो म्हणून जमतं. रुबी ही भाषा जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली लोकांपुढे आणली, तिच्यातले शब्दही इंग्रजीच. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली सुरू करणारे टॉरवल्ड्स फिनलंडचे, घरची भाषा स्वीडिश. मला मराठीत 'जर-तर' लिहिणारी प्रोग्रामिंगची भाषा नको आहे, चाळीस शब्द कुणीही पाठ करतो. चूक कुठे झाली हे समजावणारं मराठी मात्र हवं होतं. त्या रात्री तर फारच.

गुरुजी, धडगाव

थोडक्यात लिहितो, रेंज टेकडीवर येऊन मिळते.

माझ्या वर्गातली पोरं घरी पावरी बोलतात. त्यांना मराठी शाळेत आल्यावर भेटते. टॅबवर मराठी धडे आले तेव्हा मी खूश होतो. पोरं मराठी मजकूर आणि इंग्रजी बटण दोन्हींकडे सारख्याच अनोळखी नजरेनं बघत होती. चित्रावर बोट ठेवून पुढे गेली. इथे तुम्ही सगळे मराठीची बाजू मांडताय, ते ठीकच, पण इथून मराठीसुद्धा तुमच्या इंग्रजीइतकीच लांब दिसते.

शिरपूरची सून

गुरुजींचं वाचून आमच्या आजेसासूबाई आठवल्या. नव्वदीच्या आहेत, बोलणं पूर्ण अहिराणी. २०११च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी त्यातच धरतात) बोलणारे १८ लाखांच्या वर मोजले गेले, पण फोनच्या भाषांच्या यादीत अहिराणी काही सापडली नाही. मी मराठी निवडली, माइकचं बटण दाबलं आणि म्हटलं, "माय, बोला, तो लिहील."

त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि विचारलं, "मना नातू कथा शे?" माझा नातू कुठे आहे?

फोननं लिहिलं: मनात तू कथा से.

मी वाचून दाखवलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "याले येत नही." आणि फोन माझ्या हातात दिला, नापास झालेल्या पोराची पाटी परत द्यावी तसा. नातू सुरतेला. ते वाक्य त्याला तसंच पाठवलं. त्याला काय समजलं देव जाणे, पण संध्याकाळी फोन आला.

धागाकर्ता, जळगाव

मनात तू कथा से! शिरपूरच्या वहिनी, हे जपून ठेवा.

वाचक, अमळनेर

माझा अनुभव नाही, अडचण आहे. लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड टाकलाय. अहिराणीत लिहायचं म्हटलं की ओळीआड 'ऱ्हायना' लागतं, आणि माझं 'र्हायना' होतं, रफार ह च्या डोक्यावर चढतो. तो आडवा र कुठून काढायचा?

छापखानेवाला, धुळे

शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. मराठीत सांगितलं असतं, पण बटणांवर तेच छापलंय.

वाचक, अमळनेर

जमनं भो. वावरमा जाई ऱ्हायनू, रातले लिखस.