लिफ्ट शाफ्टच्या भिंतीतील पोलादी ट्यूबना अग्निसंरक्षण हवेच का?

धागाकर्ता (साइट इंजिनिअर):
सहा मजली व्यापारी इमारत, सांगाडा पोलादी, लिफ्ट शाफ्टची (लिफ्ट ज्या उभ्या पोकळीत चालते तिची) भिंत 200 मिमी एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या). अशा ब्लॉकमध्ये गाईड रेलच्या (केबिन सरळ चालवणाऱ्या उभ्या रुळांच्या) ब्रॅकेटचे अँकर फास्टनर (भिंतीत घट्ट बसवायचे बोल्ट) भरवशाने धरत नाहीत, म्हणून शाफ्टच्या आतल्या बाजूने मजल्यागणिक 100 × 100 × 5 मिमीच्या चौकोनी एम.एस. (साध्या पोलादाच्या) ट्यूब उभ्या केल्या आहेत. त्यांवर सध्या केवळ रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग आहे. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या भाग 4 नुसार शाफ्टच्या भिंतीला 120 मिनिटांचा अग्निरोध लागतो. परंतु या ट्यूब ना भिंत आहेत, ना इमारतीचा भार घेणारे खांब. तरीही सल्लागार त्यांना दोन तासांचे संरक्षण मागतात. माझ्या मते हा निव्वळ वाढीव खर्च आहे.

प्रतिसाद 1 (स्ट्रक्चरल सल्लागार):
असहमत. ट्यूब रेलसाठी बसवली, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. भिंतीचे ब्लॉक लोखंडी पट्ट्यांनी त्याच ट्यूबला बांधले असतील, तर भिंतीचा आडवा आधार ती ट्यूबच आहे. आणि आधार वीस मिनिटांत वाकणार असेल, तर भिंतीचे 120 मिनिटांचे रेटिंग कागदावरच राहते.

धागाकर्ता:
ट्यूबवरचा भार नगण्य आहे. आयएस 800:2007 (पोलादी बांधकामाचे भारतीय मानक) मधील 905 − 690r या सूत्रात r म्हणजे ट्यूबवरील भाराचे तिच्या क्षमतेशी गुणोत्तर, ते 0.2 धरले, तर ट्यूब ज्या तापमानाला भार पेलेनाशी होते ती मर्यादा 767 अंश सेल्सिअस येते. नेहमीच्या 550 अंशांपेक्षा हे बरेच जास्त आहे.

प्रतिसाद 1:
सूत्र बरोबर, निष्कर्ष घाईचा. प्रमाणित आगीच्या आलेखात हवेचे तापमान दहाव्या मिनिटाला सुमारे 678 आणि तिसाव्या मिनिटाला 842 अंश असते. पाच मिमी जाडीची पोकळ ट्यूब उघडी असेल तर हवेच्या मागोमाग तापते. तुम्ही कमावलेल्या दोनशे अंशांतून काही मिनिटेच हाती लागतात. दोन तास नव्हेत.

प्रतिसाद 2 (लिफ्ट उभारणी ठेकेदार):
हा हिशेब आग ट्यूबपाशी पोहोचली असे धरून केला आहे. आग लागते लॉबीत किंवा दुकानात, आणि मध्ये संपूर्ण भिंत उभी असते. शाफ्टमध्ये जळण्यासारखे काय असते? केबल, ग्रीस आणि पिटमध्ये (शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात) साचलेला कचरा (तो मात्र प्रत्येक साइटवर साचतो, हे कबूल करतो). मागच्या भिंतीच्या ट्यूबवर पैसे घालणे मला पटत नाही.

प्रतिसाद 3 (अग्निसुरक्षा सल्लागार):
मागच्या भिंतीपुरते म्हणणे मान्य, तेही भिंत तिथे ट्यूबवर टेकलेली नसेल तरच. दरवाज्याकडच्या ट्यूबचे तसे नाही. लँडिंग दरवाजा (मजल्यावरचा लिफ्टचा दरवाजा) साधारणतः तासाभराच्या रेटिंगचा असतो, म्हणजे भिंतीच्या निम्माच. शिवाय चौकट आणि ब्लॉक यांमधली फट अनेकदा नुसत्या फोमने भरलेली असते. उष्ण वायू तिथूनच आत शिरतात आणि लिंटेलचे (दरवाज्यावरच्या आडव्या तुळईचे) वजन नेमके तिथल्याच ट्यूबवर असते. त्यात ही लिफ्ट अग्निशमन दलाच्या वापराची असेल, तर रेल सरळ राहण्यावर जवानांचा जीव अवलंबून असतो.

धागाकर्ता:
मग दरवाज्याकडच्या ट्यूबना इंट्युमेसंट पेंट देऊन वर गिलावा केला तर?

प्रतिसाद 3:
तेवढे करू नका. तो पेंट उष्णतेने अनेक पट फुगतो आणि त्या फुगलेल्या थरातच संरक्षण असते. गिलाव्याखाली त्याला फुगायला जागाच मिळत नाही. सुटणारे स्प्रे कोटिंगही शाफ्टमध्ये नको, कारण केबिनच्या ये-जा करण्याने हवा ढवळली जाऊन त्याचा चुरा रेलवर पडतो. ट्यूबला तपासणी-अहवाल असलेल्या अग्निरोधक बोर्डाची पेटी करा, किंवा जागा असेल तर जाळी बांधून काँक्रीटचे वेष्टन द्या. ब्रॅकेटचे वेल्डिंग मात्र आधी उरका; नंतर केलेल्या वेल्डिंगने पेटी भोकाभोकांची होते.

प्रतिसाद 2:
ब्रॅकेट पेटीतून बाहेर येणारच, आणि त्यातून उष्णता आत जाणारच.

प्रतिसाद 3:
म्हणूनच ब्रॅकेटच्या मुळाशीही काही अंतरापर्यंत संरक्षण न्यावे लागते; ते किती, हे बोर्ड बनवणाऱ्याच्या तपासलेल्या तपशिलातून घ्यावे, अंदाजाने नव्हे.

धागाकर्ता:
ड्रॉइंग पुन्हा पाहिले. दरवाज्याच्या दोन्ही बाजूंच्या ट्यूबना दर तिसऱ्या थराला पट्ट्या आहेत, मागच्या दोन ट्यूबना एकही नाही. पुढच्या ट्यूबसाठी बोर्डाच्या पेटीचा दर मागवतो. मागच्यांबाबत सल्लागारांशी वाद चालूच राहील.