मदत हवी आहे: घाट चढताना जीप तापते, सपाटीला काहीच नाही

खडीचा_रस्ता

नमस्कार मंडळी,

२००१ सालची डिझेल जीप आहे. अडीच लिटरचं इंजिन, टर्बो नाही, एसी नाही. फोर बाय फोर आहे आणि ते शोभेला नाही. वेल्ह्याच्या पुढे शेती आहे, तिथं खताच्या गोण्या, मोटर, पाइप, माणसं, सगळं हीच ओढते.

वेल्ह्याहून पासलीमार्गे केळदला जाताना खिंडीचा चढ लागतो. दुसरा गिअर, मागे वजन, इंजिन चांगलं ओरडत असतं. अर्ध्या चढापर्यंत तापमानाचा काटा मधोमध. मग जो सुटतो तो थेट लालात. बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवलं, की पाच मिनिटांत काटा गुमान खाली येतो. बंद केलं, तर मात्र ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी फेकते.

आता डोकं चालत नाही ते इथं. सपाट रस्त्याला साठच्या वेगाने कितीही चालवा, काही नाही. चिखलात लो रेंज (जास्त जोर, कमी वेग देणारे फोर बाय फोरचे गिअर) लावून भर दुपारी रांगत नेली तरी काटा हलत नाही. हवा लागत नसताना तापत नाही आणि घाटात तापते, हे काय गौडबंगाल आहे?

वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) नवीन, फॅन बेल्ट नवीन, रेडिएटर बाहेरून धुऊन झाला. "आपल्याकडे काय बर्फ पडतो का" म्हणून गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून ठेवलाय. फरक शून्य. आता तो हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलू म्हणतोय. खर्च ऐकून पोटात गोळा आला, म्हणून त्याआधी इथं विचारतो.

डोंगरयात्री

हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं असेलही, पण खोलण्याआधी फुकटातल्या तपासण्या कर. सकाळी गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढ, कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग आणि पाण्यात बघत राहा. सुरुवातीला चार बुडबुडे येतात, ते सोड. सारखे येत राहिले किंवा पाणी उसळलं तर संशय पक्का. दुसरं, झाकण लावून गार गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज (रेडिएटरची रबरी नळी) दगडासारखा टणक झाला, तर पाण्यात सिलिंडरमधला कॉम्प्रेशनचा दाब शिरतोय. इंजिन गरमच झालेलं नाही, तर तो दाब पाण्याचा कसा असेल? ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाळ काही दिसतंय का तेही बघ.

आणि डांबरावर फोर बाय फोर लावून घाट चढत नाहीस ना? विचारलेलं बरं.

खडीचा_रस्ता

नाही हो, डांबरावर टू व्हीलच. बुडबुडे आत्ताच बघितले, थोडे आले आणि थांबले. होज मऊ आहे, ऑइल काळंकुट्ट पण स्वच्छ.

निवांत

सरळ रेडिएटरपुढे इलेक्ट्रिक फॅन लाव. माझ्या गाडीला लावला, विषय संपला.

तेलकट_हात

निवांत, तुमच्या गाडीला हवा कमी पडत असणार. इथं तसं दिसत नाही. गाडी कधी तापते हे धागाकर्त्याने नीट लिहिलंय, निम्मं उत्तर त्यातच आहे.

हवेचा प्रश्न असता, म्हणजे फॅन ढिला, काउल (फॅनभोवतीचं कवच) तुटलेलं किंवा जाळीत गवत-चिखल, तर गाडी लो रेंजमध्ये रांगताना आधी तापली असती. तेव्हा समोरून वारा नसतो, सगळी भिस्त फॅनवर. तिथं ही गाडी थंड आहे. मग पुढे आणखी एक फॅन लावून काय मिळणार? उलट साठच्या वेगाला तो येणारी हवा थोडी अडवणारच.

तापते कधी? आरपीएम (इंजिनाचे फेरे) जास्त आणि लोड जास्त, दोन्ही बराच वेळ. आरपीएम उतरवले की लगेच निवते. म्हणजे पंपाची मागणी वाढली की पाण्याची वाट कुठेतरी अडते. माझा पहिला संशय खालच्या होजवर. रेडिएटरकडून पंपाकडे येणारा हा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. आत तारेची स्प्रिंग असते किंवा रबरच जाड आणि दोरा घातलेलं असतं. स्प्रिंग गंजून गेली, की जास्त रेसला पंप पाणी ओढतो आणि होज आतून चिकटतो. गॅरेजात आयडलिंगला बघणाऱ्याला तो गोल गरगरीतच दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

बघायची रीत अशी. गाडी घाटातून गरम होऊन आली की हँडब्रेक, न्यूट्रल, बॉनेट उघडा. दुसऱ्याला रेस वाढवून धरायला सांग आणि खालच्या होजवर टॉर्च मार. बाह्या दुमडलेल्या, गळ्यात टॉवेल नाही, हात फॅनपासून लांब. आणि गरम रेडिएटरचं झाकण कुणी कितीही घाई केली तरी उघडायचं नाही.

झाकणही तपास. त्यावर आकडा असतो. ०.९ बारचं झाकण धड असेल तर साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग मेली असेल तर शंभरलाच, आणि वर चढाल तसं दर ३०० मीटरला साधारण अंशभर आणखी कमी. नवीन झाकणाला काही फार पैसे पडत नाहीत.

एक शंका आधीच फेडून टाक: हेडलाइट लावल्यावर काटा उडी मारतो का? मारत असेल तर अर्थिंग खराब आणि काटा खोटं बोलतोय. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर उत्तम. कोविडात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक नको, ती चाळिशीच्या पुढे हात टेकते.

खडीचा_रस्ता

तेलकट_हात, काय बोलू! आज चढ चढून आल्यावर पुतण्याला रेस द्यायला बसवलं. आयडलला होज गोल. रेस वाढवली तसा मधोमध खळगा पडला, मग दोन्ही भिंती जवळजवळ एकमेकींना टेकल्या, वरून चिमटीत धरल्यासारख्या. रेस सोडली की 'पक्' करून पुन्हा गोल. पुतण्याने तीनदा करून दाखवायला लावलं, त्याला मजा वाटली.

हेडलाइटने काटा हलत नाही. उद्या नवीन होज टाकतो आणि गॅरेजवाल्याला पेढे देतो.

तेलकट_हात

पेढे थांबव. होज चिकटतो याची दोन कारणं असतात. एक, होज स्वतः लेचापेचा. दुसरं, रेडिएटरमधून पाणीच पुरेसं येत नाही, म्हणून पंपाची ओढ नको तितकी वाढते. दुसरं खरं असेल तर नवा कडक होज चपटा होणार नाही, पण गाडी तापायची ती तापेलच, आणि मग तू पुन्हा हेड खोलायच्या गोष्टी करशील.

म्हणून गाडी गरम असताना, इंजिन बंद करून, रेडिएटरच्या तोंडावर इन्फ्रारेड फिरव. वरून खाली, मग आडवा. तापमान हळूहळू उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा शेजाऱ्यापेक्षा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद.

रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालतोस?

खडीचा_रस्ता

बोअरचं 🙈 शेतावर दुसरं काय मिळणार.

शेजारच्या कोल्ड स्टोरेजवाल्याकडून इन्फ्रारेड आणला. डावी बाजू ठीक. उजव्या बाजूचा खालचा एक मोठा तुकडा इतका गार, की नंतर हात लावूनही कळत होतं. झाकणाखालच्या तोंडाशी नखाने खरवडलं तर पांढरी खपली निघाली, चहाच्या जुन्या पातेल्याला धरते तशी.

तेलकट_हात

मग झालं. तुझा रेडिएटर पितळ-तांब्याचा असणार, म्हणजे रॉडिंग होतं. रेडिएटरवाला वरची टाकी झाळकामाचा डाग उखडून काढतो, चपट्या सळया एकेका नळीतून आरपार घालतो, धुतो आणि टाकी परत डागतो. नवीन गाड्यांच्या ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या टाकीवाल्या रेडिएटरला हे जमत नाही, ते सरळ बदलावे लागतात. जुन्या गाडीचा एवढा तरी फायदा घे. गॅरेजवाल्याने तो बाहेरून धुतला, आतलं कुणी बघितलंच नाही.

रॉडिंग, नवा होज, नवं झाकण, तिन्ही एकदम कर. आणि थर्मोस्टॅट परत बसव. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाटही बंद करतो. काढून टाकला की ती वाट कायम उघडी, म्हणजे काही गरम पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परत फिरतं. म्हणजे बर्फ पडत नाही म्हणून काढलेला थर्मोस्टॅट घाटात उलटा नडू शकतो. शिवाय सकाळी इंजिन उशिरा गरम होतं, धूर आणि डिझेल दोन्ही जास्त.

डोंगरयात्री

+१. आणि बोअरचं पाणी बंद. कूलंट म्हणजे थंडीचं औषध नाही, गंज आणि खपली धरू नये म्हणूनही तो लागतो. कॉन्सन्ट्रेट घेतलास तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मा-निम्मा मिसळ, तयार मिसळलेला घेतलास तर त्यात थेंबभरही पाणी घालू नकोस. गाडीत एक पाच लिटरचा कॅन भरून ठेव, म्हणजे अडचणीत ओढ्याचं पाणी घालायची वेळ येत नाही.

खडीचा_रस्ता

रेडिएटर उतरवून भोरला दिलाय. टाकी उघडल्यावर त्याने फोटो पाठवला, उजवीकडच्या नळ्यांची तोंडं चुन्याने लिंपल्यासारखी बंद. होज आतून स्प्रिंगवाला मिळाला. जुना होज कापला तर स्प्रिंगचे नुसते गंजके तुकडे.

गॅरेजवाल्याने जुना थर्मोस्टॅट डब्यात जपून ठेवला होता, तोच बसवू का? त्यावर ८२ लिहिलंय.

तेलकट_हात

आधी पातेल्यात तपास. दोऱ्याला बांधून पाण्यात लटकव, तळाला टेकू देऊ नकोस, शेजारी उकळत्या पाण्याला चालणारा थर्मामीटर. ८२च्या आसपास उघडायला लागला आणि पंचाण्णवपर्यंत पूर्ण उघडला तर चालेल. अडखळला तर नवीन घे. बसवताना त्याच्या चकतीवर छोटी हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेव, हवा तिथून निघते. भरताना गाडीचं तोंड चढाकडे करून उभी कर, झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू कर, आणि वरचा होज गरम होऊन पातळी उतरली की हळूहळू भर घाल. झाकण त्यानंतर.