काळ्या मातीच्या अंगणात विटांची फरसबंदी: उरलेल्या विटा वापराव्यात का?

तुळशीकट्टा:
सर्व जाणकारांना नमस्कार. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमच्या घरापुढे २० फूट लांब व १५ फूट रुंद असे मोकळे अंगण आहे. माती काळी असल्यामुळे पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. सासूबाईंना लाल विटांचे अंगण हवे आहे; मधोमध तुळशी वृंदावन आणि फाटकाजवळ एका चारचाकीपुरती जागा, असा विचार आहे. बांधकामातून सुमारे १,००० विटा उरल्या असून त्याच मातीवर वाळू पसरून बसवाव्यात, असे गवंडी सांगतात. त्या टिकतील का? नसल्यास काय घ्यावे आणि खाली कोणता थर किती जाडीचा असावा?

पाणसाळ:
ताई, विटेचा निर्णय नंतर घेतला तरी चालेल, आधी काळ्या मातीचे काय करायचे ते ठरवा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, त्यामुळे तिच्यावर थेट बसवलेली कोणतीही फरसबंदी, मग ती कितीही महागड्या ब्लॉकची असो, दोन पावसाळ्यांत वरखाली होते. तयार पातळीपासून साधारण १६ इंच खाली खोदून माती काढून टाकावी. त्यात ६ इंच मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून व धुमसून (ठोकून घट्ट करून) भरावा. त्यावर ६ इंच खडी व बारीक कचीचे (दगडाच्या चुरीचे) मिश्रण दाबून घ्यावे. धुमसल्यावर मुरूम बसतो, म्हणून तुमच्या ३०० चौरस फुटांसाठी हिशेबाने दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरत असला तरी दोन ब्रास मागवा. सर्वांत वर जेमतेम सव्वा इंच धुतलेली जाडसर वाळू असावी. खाचखळगे भरून काढण्यासाठी तिथे तीन इंच वाळू ओतण्याची सवय फार वाईट आहे. चाकाखाली नेमकी तीच खचते.

आता वीट. भिंतीच्या साध्या विटेला वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषण्याची मुभा असते, तर फरसबंदीच्या भाजलेल्या विटेसाठी भारतीय मानक ३५८३ मध्ये ही मर्यादा ५ टक्के आहे. घरीच पाहा: कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. तीन किलोच्या विटेचे वजन ३,१५० ग्रॅमच्या आत राहिले, तर ती अंगणात घालावी. तुमच्या उरलेल्या विटा बहुधा या परीक्षेत उतरणार नाहीत. त्यांचा वरचा पापुद्रा सुटेल, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागेल आणि शेवाळ धरेल. चारचाकीच्या जागी ६० मिलिमीटर जाडीचे काँक्रीट ब्लॉक आणि बाकी भागात फरसबंदीची वीट, अशी विभागणी मला योग्य वाटते.

जुना बावडा:
वरील सर्व मान्य आहे, पण कडेविषयी कोणीच लिहिलेले नाही. आमच्या अंगणात ठेकेदाराने मधले काम उत्तम केले, मात्र कडेला काँक्रीटची पट्टी न घालता नुसती माती लोटून दिली. पहिल्याच पावसाळ्यात ती वाहून गेली, कडेच्या विटा बाहेर सरकल्या आणि त्यांच्यामागोमाग आतल्या सांधी रुंदावत फाटकापासून तुळशीपर्यंत आल्या. म्हणून कडेची पट्टी आधी ओतावी, ती पक्की झाल्यावरच विटा बसवायला घ्याव्यात.

ढाळही विसरू नका: ५० फुटांना एक फूट, म्हणजे तुमच्या २० फुटांत सुमारे पाच इंच, घरापासून फाटकाकडे. वाळूच्या थरात ढाळ काढू नये. तो खडीच्या थरातच काढावा. सांधीत सिमेंटचा माल भरणाऱ्यांना थांबवा. दोन-तीन मिलिमीटरच्या सांधीत कोरडी बारीक वाळू झाडूने भरून यंत्राने दाबावी, पुन्हा भरावी. सिमेंट भरल्यास त्याला तडे जातात, पाणी आत शिरते आणि विटांवर पांढरे डाग पडतात ते वेगळेच.

तुळशीकट्टा:
दोघांचेही आभार. काल एक वीट भिजवून पाहिली: २,८५० ग्रॅमची ३,३५० झाली, म्हणजे सुमारे साडेसतरा टक्के. उरलेल्या विटा बाद. वृंदावन मात्र फरसबंदीवरच बांधायचे का?

पाणसाळ:
नाही. वृंदावनाचा पाया स्वतंत्र, मुरमाच्या थरावर काँक्रीटचा असावा आणि त्याभोवती विटा कापून बसवाव्यात, अन्यथा त्याच्या वजनाने तेवढाच भाग खाली जाईल. चारचाकीच्या जागी ब्लॉक आडवे-उभे, एकमेकांत गुंतलेल्या तिरकस नक्षीत बसवा. सरळ ओळींत ते चाकाच्या धक्क्याने सरकतात. विटांच्या भागात सरळ ओळी चालतील. ९ बाय ४ इंचांची वीट घेतल्यास चौरस फुटाला चार लागतात. विटांचे क्षेत्र मोजून त्यावर कापण्यासाठी व तुटीसाठी पाच टक्के जादा मागवा. उरलेल्या हजार विटा झाडांच्या आळ्यांना उभ्या लावल्यात तर वाया जाणार नाहीत.